राउंड दोन वाजेपर्यंत का लांबतो?

पत्र

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका 50 खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात मी वैद्यकीय अधीक्षक आहे. मंजूर पदांपैकी बरीच रिकामी आहेत, सगळी भिस्त बॉन्डवर, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेल्या नव्या एमबीबीएस मुलांवर. सध्या तिघं आहेत. त्यातल्या एका मुलीला वॉर्ड झेपत नाही. ती कोल्हापूरकडची आहे, हुशार आहे, मार्कही चांगले आहेत. पण वीस-पंचवीस पेशंटचा राउंड नऊला सुरू करते आणि दोन वाजतात तरी संपत नाही. तोवर ओपीडीत लोक ओरडायला लागतात. केस पेपर अर्धवट, डिस्चार्ज कार्ड संध्याकाळपर्यंत होत नाही. नाईटला मला सारखे फोन. परवा सिस्टरांनी तिला ड्रेसिंग रूममध्ये रडताना पाहिलं. तिच्याच बॅचचा दुसरा मुलगा मात्र अकराला मोकळा असतो. मी तिला सगळ्यांसमोर दोनदा चांगलंच बोललो, फरक पडला नाही. आमच्या वेळी आम्ही एकट्यानं याच्या दुप्पट पेशंट पाहिले. आता जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवून तिला बदलून मागावं का? की हे शिकवता येतं?

– एक वैद्यकीय अधीक्षक


उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

बदलून मागू नका. निदान आत्ता तरी नको. ती गेली तर तिच्या जागी येणारा मुलगाही बॉन्डवरचाच असेल, तोही मेडिकल कॉलेजातून थेट तुमच्या वॉर्डात उतरेल, आणि थोड्या दिवसांनी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल. आणि ती जागा रिकामीच राहिली तर तिच्या वाटचे पंचवीस पेशंट कोण पाहणार, हा प्रश्न आहेच.

राउंडला पाच तास लागतात हे तुम्ही लिहिलंय, पण त्या पाच तासांत ती नेमकं काय करते याची एक ओळही पत्रात नाही. तुम्हालाही ते बहुधा माहीत नसावं. त्या वेळी तुम्ही ओपीडीत असता, नाहीतर व्हिडिओ कॉन्फरन्सवर, नाहीतर जिल्ह्याच्या मीटिंगला. म्हणून पहिलं काम हे: एक अख्खी सकाळ तिच्यासोबत वॉर्डात काढा. राउंड तिनंच घ्यायचा. तुम्ही मागे उभं राहायचं आणि कुणाचा जीव धोक्यात असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हातात एक कागद ठेवा. प्रत्येक खाटेपाशी किती वेळ गेला, मध्ये कोण आलं, काय शोधावं लागलं, कुठं ती थबकली, एवढं लिहीत जा. आणि हे आदल्या दिवशीच तिला सांगा, की मी तुझी परीक्षा घ्यायला येत नाहीये, तुझा वेळ कुठं जातो ते दोघं मिळून शोधू. न सांगता गेलात तर त्या दिवशी ती आणखी हळू होईल आणि तुम्हाला खरं काहीच दिसणार नाही.

काय दिसेल, याचा मला थोडा अंदाज आहे. विदर्भातल्या मेडिसिन वॉर्डांत मी वर्षानुवर्षं नव्या डॉक्टरांबरोबर राउंड घेतले आहेत. यातली फार थोडी मुलं हातानं हळू असतात. बहुतेकांचा निर्णय होत नाही, म्हणून ती हळू दिसतात. समजा चार नंबरच्या खाटेवर खोकल्या-तापाचे एक बाबा आहेत, तिसरा दिवस आहे, ताप उतरलाय, जेवायला लागलेत. अनुभवी डॉक्टर त्यांच्यापाशी दोन मिनिटं थांबतो, इंजेक्शन बंद करून गोळ्या लिहितो, उद्या घरी जा म्हणतो. नवी डॉक्टर त्यांची हिस्टरी पुन्हा पहिल्यापासून घेते, छाती पुढून-मागून तपासते, मग पेनाचं टोक कागदावर टेकवून उभी राहते. इंजेक्शन बंद करू का? बंद केलं आणि ताप पुन्हा आला तर? सिस्टरांकडे बघते. सिस्टर म्हणतात, "तुम्ही म्हणाल तसं, मॅडम." शेवटी ती ‘सीएसटी’ लिहिते, म्हणजे आहे तेच चालू. पाच नंबरला जाते, तिथून पुन्हा चारला येते. दुसऱ्या दिवशी हेच. बाबांची खाट विनाकारण दोन-तीन दिवस अडून राहते, सलाईन चालू राहतं, आणि असे सहा-सात बाबा जमले की वॉर्डात पंचवीस पेशंट होतात. तिच्या कामाचा डोंगर काही अंशी असा तयार झालेला असतो. तिला घाई करायला सांगून तो कमी होत नाही, कारण घाईत तर तिला निर्णयाची आणखी भीती वाटते.

त्यामुळं तुम्ही तिला जे द्यायचं आहे ते म्हणजे रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं. राउंडच्या आधी, चहाच्या वेळी, बसून. तिनं तीनच गोष्टी सांगायच्या: आज वॉर्डात सगळ्यात आजारी कोण, आज घरी कोण जाऊ शकतो, आणि कोणाबद्दल मला काहीच कळत नाहीये. ‘घरी कोण जाऊ शकतो’ याचं उत्तर तिच्याच तोंडून येऊ द्या. "तुला काय वाटतं?" विचारा, आणि ती बरोबर असेल तर "ठीक आहे, तसंच कर" एवढंच म्हणा. आपल्या ज्ञानाची भर घालायचा मोह आवरा. ती चुकत असेल तर का, ते एका वाक्यात सांगा. थोड्याच आठवड्यांत यातले बरेच प्रश्न ती तुम्हाला विचारेनाशी होते, कारण तिचं उत्तर आणि तुमचं उत्तर जुळतंय हे तिनं रोज पाहिलेलं असतं. माझ्या अनुभवात याच्याइतका गुण कशानं येत नाही.

त्या बैठकीनंतर राउंडचा क्रम बदलायला लावा. नवे डॉक्टर खाट नंबर एकपासून सुरू करतात आणि शेवटच्या खाटेवर संपवतात. मग सगळ्यात आजारी माणूस एकवीस नंबरला असेल तर त्याच्यापर्यंत ती साडेबाराला पोचते. आधी इनचार्ज सिस्टरांबरोबर पूर्ण वॉर्डातून नुसती एक चक्कर मारायची. कुणाला दम लागलाय, कोण उठून बसलंय, कोण कालच्यासारखं बोलत नाहीये, हे डोळ्यांनी बघत जायचं. मग पहिले आजारी, त्यानंतर डिस्चार्ज आणि ज्यांचं रक्त किंवा एक्स-रे पाठवायचाय ते, कारण त्यांच्या कामाला पुढं दुसऱ्यांचा वेळ लागतो. उरलेले स्थिर पेशंट शेवटी. साधं वाटतं, पण मेडिकल कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, कारण तिथं राउंडमध्ये क्रम सरांचा असतो आणि इंटर्न ट्रॉलीमागे फाइली धरून उभा असतो.

आजारी कोण हे ठरवायला ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा ‘न्यूज’ स्कोअर उपयोगी पडतो. 2012 मध्ये आला, 2017 मध्ये सुधारला. श्वासाचा दर, ऑक्सिजनचं प्रमाण, ऑक्सिजन लावलाय का, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, यांना गुण द्यायचे. बेरीज 7 किंवा वर गेली तर तातडीनं बघायचं. नेहमीच्या बीपी-ऑक्सिजनच्या यंत्रांपलीकडे काही लागत नाही, एक छापील तक्ता लागतो. मात्र श्वास खरंच मोजलेला हवा. आपल्याकडच्या चार्टवर वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा श्वास 18 नाहीतर 20 लिहिलेला असतो. पूर्ण मिनिट घड्याळ लावून मोजलेला फार थोड्यांचा. न्यूमोनियाचा किंवा स्क्रब टायफसचा पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडण्याआधी श्वास वाढतो. सिस्टर, ब्रदर आणि डॉक्टर, तिघांनाही हे एकदा एकत्र बसवून शिकवा.

आणखी एक गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे थांबण्याचा वेळ वापरणं. पावसाळ्यातली रात्र घ्या. बैलगाडीनं, मोटरसायकलवर मधे बसवून, पेशंट येतो. "पान लागलं जी डॉक्टर." म्हणजे साप चावला. तुमची डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलि रक्त घेते आणि ती हलू नये अशी ठेवते. आता 20 मिनिटं थांबायचं, मग नळी एकदा तिरकी करून बघायची की रक्त गोठलंय का. नवी डॉक्टर त्या नळीसमोर वीस मिनिटं उभी राहते. तिला वाटतं, आपण जागेवरून हललो तर काहीतरी निसटेल. तिला सांगा: मोबाइलवर गजर लाव, सिस्टरांना पेशंटजवळ बसव, पापण्या उतरायला लागल्या, बोलणं जड झालं, थुंकी गिळता येईना तर ओरडून बोलवा म्हण, आणि तू तेवढ्यात शेजारच्या दोन खाटा बघून ये. सर्पदंशावरची लस काढून ठेव, तिची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रिनॅलिन भरून ठेव. पेशंट जमिनीवर झोपलेला असताना रात्री चावलं असेल, खूण दिसत नसेल, पोटात दुखतंय म्हणत असेल, तर मण्यार समज आणि तिथून हलू नकोस. कुठं हलायचं आणि कुठं नाही, हा फरक अनुभवी माणसाला अंगवळणी पडलेला असतो. नव्याला तो शब्दांत सांगावा लागतो.

आता रात्रीचे फोन. ती सारखे फोन करते ही तुमची तक्रार आहे. मला ती गोष्ट बरी वाटते. फोन न करणारा नवा डॉक्टर मला जास्त काळजीत टाकतो. तरी तुम्हालाही झोप हवी, म्हणून कुठल्या पेशंटसाठी विचार न करता फोन करायचा याची यादी करून कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावा. पापण्या उतरलेला सर्पदंश. फवारणीतून विषबाधा झालेला किंवा कीटकनाशक प्यालेला कुठलाही पेशंट. गरोदर बाई आणि बीपी 160/110 किंवा वर, अथवा झटका. पाणीही न पिणारं, झटके येणारं मूल. सिकलसेलचा पेशंट आणि छातीत दुखणं किंवा ताप. वरचं बीपी 90 च्या खाली. उन्हाळ्यात अंग भट्टीसारखं तापलेला आणि बडबडणारा माणूस. या यादीतला फोन आला की तुम्ही उचलायचा, आणि पहिलं वाक्य "बोल" असं असायचं. "एवढंही येत नाही का?" हे एकदा म्हणालात तर पुढच्या रात्री फोन येणार नाही. ज्या रात्री तो यायला हवा होता, नेमक्या त्याच रात्री येणार नाही. पहिल्या फोनला तुमचा आवाज कसा लागतो, यावर पुढचे सगळे फोन अवलंबून असतात.

यादीबाहेरचे फोन कमी करायला बोलण्याची एक रीत लावून द्या. पेशंट कोण, आत्ता काय होतंय, मी काय केलं, आणि मला वाटतं की अमुक करावं. शेवटचा भाग सक्तीचा. "सर, काय करू?" असा फोन आला तर रागावू नका, "तुला काय करावंसं वाटतं?" विचारा आणि तिला थोडा वेळ द्या. निरोप दिलात तर तिला केस पेपरवर लिहू द्या, ‘अधीक्षकांशी फोनवर बोलून’ असं, वेळेसकट. सकाळी तुम्ही त्याखाली सही करा. आपल्या मागे कुणीतरी उभं आहे हे तिला त्या सहीत दिसतं.

इथं त्या दुसऱ्या मुलाबद्दल बोलायला हवं, जो अकराला मोकळा असतो. त्याला शाबासकी देण्याआधी त्याचं रेफरचं रजिस्टर उघडून बघा. मी अनेकदा असं पाहिलंय की झटपट राउंड संपवणाऱ्याचा अर्धा वॉर्ड 108 च्या रुग्णवाहिकेत बसून यवतमाळला गेलेला असतो. उमरखेडकडून यवतमाळ गाठायला दोन तास तरी जातात. झटके येणाऱ्या बाळंतिणीला ते थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस न देता पाठवलं, कीटकनाशक प्यालेल्याला ॲट्रोपिन हा उतारा पुरेसा न देता पाठवलं, तर त्या दोन तासांत काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. ॲट्रोपिन तर दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जायचं असतं, छातीतली घरघर थांबेपर्यंत. हे करायला कुणीतरी पेशंटजवळ उभं राहावं लागतं, आणि तिथं उभं राहणारी मुलगी दोन वाजेपर्यंत राउंडमध्येच दिसते. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे असेल असं मी म्हणत नाही. पण दोघांची तुलना करायची असेल तर राउंडच्या वेळेवर करू नका. कुणाचे किती पेशंट रेफर झाले, त्यातले किती टाळता आले असते, कुणाचे किती पेशंट घरी जाऊन पुन्हा परत आले, यावर करा. आणि रेफर जास्त असतील तर त्याच्याशीही बसून बोला. बऱ्याचदा त्यामागं आळस नसतो, नातेवाइकांच्या गर्दीची भीती असते. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हिंसेविरुद्ध 2010 पासून कायदा आहे, पण रात्री दोन वाजता वॉर्डात कायदा येत नाही, तुम्ही यावं लागतं. मृत्यू झाला की नातेवाइकांशी बोलायला नव्या डॉक्टरला एकटं सोडू नका. क्वार्टर आवारातच असेल तर चप्पल घालून या. हे एकदा झालं की तो मुलगा पेशंट ठेवून घ्यायला लागतो.

भाषेचंही बघा. ती कोल्हापूरची आहे म्हणता. मराठी तिची आहेच, पण "पोट गुरगुरून राह्यलं", "मले कसंतरीच होऊन राह्यलं" ऐकून तिला नेमकं काय विचारायचं ते कळायला वेळ लागतो. त्यात तुमच्याकडे तांड्यावरून बंजारा येतात, पोडावरून कोलाम येतात. म्हातारी बाई आपल्या बोलीत दहा वाक्यं सांगते, मुलगा मराठीत एक सांगतो. यात जाणारा वेळ तिचा दोष नाही. एखाद्या आशाताईंना किंवा स्थानिक वॉर्डबॉयला राउंडचा पहिला तास तिच्यासोबत द्या. जमलं तर एका दुपारी तिला आशाताईंबरोबर गावात पाठवा. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 पासून आपल्या विद्यार्थ्यांना अगदी सुरुवातीलाच गावात राहायला नेतं, ते याचसाठी. पेशंट कुठून उठून येतो, सालदाराची मजुरी बुडते म्हणजे काय, हे एकदा पाहिलं की ‘परवा तपासायला या’ असं कुणाला म्हणायचं आणि कुणाला आजच भरती करायचं, हा निर्णयही लवकर होतो.

तुमच्या कागदावर मध्येमध्ये येणाऱ्यांची नावं बरीच जमतील. पोलीस एमएलसीसाठी, म्हणजे पोलीस केसच्या कागदांसाठी, कुणी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी, लॅबवाला हरवलेल्या नमुन्यासाठी, बाबू कुठल्यातरी तक्त्यासाठी. पीएमला, म्हणजे शवविच्छेदनाला, बोलावणं आलं तर सकाळच गेली. यातलं डॉक्टरनंच करायचं किती आणि दुसऱ्यानं करता येईल असं किती, याचा निवाडा तुम्हालाच करायचाय, कारण नव्या मुलीच्या सांगण्यावरून बाबू हलत नाही. रिपोर्ट शोधणं, 108 ला फोन, रेफर फॉर्मवरचं नाव-गाव-वय, हे तिच्याकडून काढा. डिस्चार्ज कार्ड आदल्या संध्याकाळी लिहून ठेवायची सवय लावा. पीएमची पाळी राउंडवर नसलेल्या डॉक्टरकडे द्या.

हँडओव्हरला मात्र वेळ काढा. नाईट संपवून जाणारा आणि सकाळी येणारा, दोघं पाच-दहा मिनिटं समोरासमोर, वहीत लिहून: कोण किती आजारी, काय झालं, काय करायचं राहिलंय, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं. ऐकणाऱ्यानं ते पुन्हा म्हणून दाखवायचं. अमेरिका-कॅनडातल्या 9 रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना अशा ठरावीक पद्धतीनं हँडओव्हर करायला शिकवलं. 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या होत्या, आणि हँडओव्हरला जास्त वेळही लागला नव्हता. तुमच्याकडे आज बहुधा जाणारा जिन्यात भेटतो आणि "सगळं ठीक आहे" म्हणतो.

"आमच्या वेळी आम्ही एकट्यानं दुप्पट पेशंट पाहिले" असं तुम्ही लिहिलंय. पाहिले असतील, मी नाकारत नाही. पण तेव्हा वॉर्डात आजच्याइतकी औषधं नव्हती, तपासण्या नव्हत्या, पोर्टल नव्हती, दर पेशंटमागे एवढे कागद नव्हते. दवाखान्यात येऊन गेलेला माणूस असाच गेला तर कुणी विचारायलाही येत नव्हतं. शेतात निंदणीला नव्यानं आलेल्या पोरीला कुणी पहिल्याच दिवशी जुन्या बाईएवढी पात धरायला लावत नाही. या मुलीला पहिल्या महिन्यात बारा-पंधरा खाटा द्या, उरलेल्या तुम्ही आणि दुसरे दोघं वाटून घ्या. तिचा हात बसला की वाढवत न्या. हे त्या दोघांना तिच्यासमोरच समजावून सांगा, म्हणजे मागून कुजबुज होणार नाही.

सगळ्यांसमोर बोलणं आजपासून बंद करा. पेशंटसमोर आणि सिस्टरांसमोर तर अजिबात नको. ज्या डॉक्टरला साहेबांनी वॉर्डात झापलं, तिचं ऑर्डर बुक सिस्टर दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या नजरेनं वाचतात, नातेवाईक तिला सोडून थेट तुमच्याकडे येतात, आणि तिचं काम आणखी अडतं. बोलायचंय ते केबिनमध्ये, दार लावून, त्याच दिवशी, आणि झालेल्या प्रसंगाबद्दल. ‘तू अशीच आहेस’ या सुरात नको.

रडण्याबद्दल आता. तिला बोलवा, चहा मागवा, आणि सरळ विचारा: झोप किती होते? जेवायची काय सोय आहे? क्वार्टरला पाणी येतं का? नाईटला क्वार्टरपासून वॉर्डापर्यंत अंधारातून एकटीनं यावं लागतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अनेक ठिकाणी ‘हो’ असतं आणि कुणी विचारलेलंच नसतं. लाइट लावणं, सुरक्षारक्षक सोबत देणं, हे तुमच्या अखत्यारीतलं आहे. एखादा पेशंट तिच्या हातून दगावलाय का, आणि त्यावर तिच्याशी कुणी बोललंय का, तेही विचारा. जगणं नकोसं वाटतं का, हा प्रश्नही विचारा. विचारल्यानं असे विचार डोक्यात भरत नाहीत, हे आपण पेशंटच्या बाबतीत शिकलो आहोत, डॉक्टरच्या बाबतीतही तेच खरं. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी नाईट थांबवा, तिला एकटी सोडू नका, घरच्यांना तिच्या संमतीनं कळवा आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो तिच्याकडे असू द्या, भिंतीवरही असू द्या.

हे सगळं करून दोन-तीन महिन्यांनीही फरक पडला नाही तर? तर तिला स्पष्ट सांगा, लिहून द्या: या चार गोष्टी अमुक तारखेपर्यंत जमायला हव्यात. एखाद्या विषयात पायाच कच्चा निघाला तर काही आठवड्यांसाठी यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात शिकायला पाठवता येईल का, ते बघा. एका बाबतीत मात्र मी कुणालाच मुभा देत नाही. न मोजलेलं बीपी लिहिणं, न पाहिलेल्या पेशंटची नोंद करणं, झालेली चूक लपवणं. असं दिसलं तर हळू-जलदचा प्रश्नच उरत नाही, नाईट त्याच दिवशी बंद आणि चौकशी सुरू. तुमच्या पत्रावरून ती अशी वाटत नाही. पाच तास पेशंटपाशी थांबणारी मुलगी असं करेल याची शक्यता मला फार कमी वाटते.

जिल्हा शल्यचिकित्सकांना पत्र लिहा, जरूर लिहा. पण ते तिच्याबद्दल नको, रिकाम्या पदांबद्दल असू द्या. तुमच्याकडे किती खाटा, रोज किती भरती, किती बाळंतपणं, किती पीएम, आणि ते किती डॉक्टर करतात, याचा तीन महिन्यांचा तक्ता जोडा. सोबत एकेका डॉक्टरचे आठवड्याचे तास लिहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटानं 2024 च्या अहवालात निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास, आठवड्याची एक सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली आहे. तुमची मुलं निवासी डॉक्टर नसली तरी त्यांचं शरीर तेच आहे. तिघांत वॉर्ड, ओपीडी, कॅज्युअल्टी आणि पीएम चालवायचं म्हटलं की हा आकडा किती मागे पडतो, ते त्या तक्त्यात दिसेल. तोवर नाईटनंतरची सकाळ तरी पूर्ण मोकळी द्या. नाईट करून पुन्हा नऊला राउंड घेणारा कोणीही हळूच असतो.

आणि हे पत्र ऑगस्टच्या आत पोचायला हवं. 2017 च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या महिन्यांतच साप असतात, हगवण असते, डेंग्यू आणि स्क्रब टायफस असतो. वर्षभराचं एकच रोस्टर तेव्हा पुरत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरचं वेगळं रोस्टर आत्ताच करा, आणि त्या महिन्यांत आठवड्यातली एक रात्र स्वतःकडे ठेवा. तिघांना समोर बसवून करा. कुणाला कोणती रात्र जड जाते हे विचारून करा, आणि तिची पहिली फवारणीची केस येईल तेव्हा ॲट्रोपिनचा पहिला अर्धा तास तिच्याशेजारी उभे राहा.